वेबवरचं बुकिंग कॉम्प्युटरच्या कॅलेंडरात घेतलं की वेळ-तारीख बिघडते, दर महिन्याला तेच: नेमकं काय बघायचं

मुहूर्त दुपारी १२:३५ चा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसायलंय संध्याकाळी ६:०५. १२ आणि १३ तारीख असं दोन दिवसांचं बुकिंग, पण कॅलेंडरात फक्त १२ भरलेली, १३ मोकळी. मागंच रद्द झालेला साखरपुडा अजून तिथंच बसलेला. आणि नावाच्या मधेच प्रश्नचिन्हाची चौकट. हे सगळं एकाच कामातून होतं, वेबवरच्या बुकिंग सिस्टिममधून फाइल एक्सपोर्ट करायची आणि आउटलुक नाहीतर थंडरबर्डमध्ये (कॉम्प्युटरवर मेल आणि कॅलेंडर ठेवणारी सॉफ्टवेअरं) इम्पोर्ट करायची. बेळगावात, खानापुरात, निपाणी-संकेश्वरकडं मंगल कार्यालयं, क्लासेस, दवाखाने चालवणारे बरेच जण आता बुकिंग वेबवर घेतात पण काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरवरचंच कॅलेंडर बघतो, कारण नेट गेलं तरी ते उघडतं आणि महिन्याचं पान छापून भिंतीला लावता येतं. पद्धत चांगली आहे, सोडायची गरज नाही. अडचण आहे ती मधल्या बदलीत.

आणि ती दर महिन्याला परत का येते तर बहुतेक जण इम्पोर्ट झाल्यावर कॅलेंडरातल्या नोंदी एकेक उघडून हातानं दुरुस्त करतात. पुढच्या महिन्यात फाइल परत तशीच चुकीची येते, परत बसून दुरुस्ती, आणि त्यात एखादी नोंद राहते. राहिलेल्या नोंदीवर आचारी, मांडववाला, वाजंत्री सगळे बोलावलेले असतात, म्हणून मी हे एवढं सविस्तर लिहायलोय. कॅलेंडरला हात लावू नका. आधी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा. चूक फाइलीत आहे का मशीनमध्ये हे तिथंच कळतं, आणि एकदा कळलं की दुरुस्ती एका जागी होते.

फाइल म्हणजे आयसीएस. साधी टेक्स्ट फाइल आहे, त्यात गुपित काही नाही. १९९८ मध्ये हे आयकॅलेंडर नावाचं स्टँडर्ड आलं, २००९ मध्ये ते सुधारून परत काढलं (आरएफसी ५५४५ हा त्या नियमांच्या कागदाचा नंबर), आणि गूगल, आउटलुक, थंडरबर्ड, ॲपल सगळे तेच वाचतात. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, नोटपॅड. डबल क्लिक करू नका, डबल क्लिक केलं की आउटलुक ती सरळ उघडून आत घ्यायला लागतं. आत प्रत्येक कार्यक्रमासाठी बिगिन व्हीइव्हेंट ते एंड व्हीइव्हेंट असा एक तुकडा दिसेल. त्यातल्या चारच ओळी आपल्या कामाच्या: यूआयडी (नोंदीचा ओळख नंबर), डीटीस्टार्ट (सुरुवात), डीटीएंड (शेवट) आणि समरी (शीर्षक). फाइलीत हे सगळं कॅपिटल इंग्रजी अक्षरांत असतं, मी इथं मराठीत लिहितोय एवढंच. तुम्हाला ज्याची खरी वेळ पक्की माहीत आहे असा एक कार्यक्रम निवडा आणि तोच तुकडा शोधा.

वेळ चुकते तेव्हा

पहिल्यांदा किती तासांनी चुकली ते मोजा. नुसतं "वेळ चुकायलीय" म्हणून काही कळत नाही, फरकाचा आकडाच चूक कुठं आहे ते सांगतो.

समजा १२ मे २०२६, दुपारी १२:३५ चा मुहूर्त आहे. कॅलेंडरात ६:०५ दिसतंय म्हणजे साडेपाच तास पुढं. आता नोटपॅडमध्ये डीटीस्टार्टची ओळ बघा. तिथं २०२६०५१२, मग टी, मग १२३५०० आणि शेवटी झेड असं असेल. हा शेवटचा झेड म्हणजे "ही वेळ यूटीसी आहे" असं सांगणं, म्हणजे ग्रिनिचची वेळ. आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं, त्यामुळं आउटलुक इमानदारीनं १२:३५ मध्ये ५:३० मिळवतं आणि ६:०५ दाखवतं. आउटलुकचं काही चुकलेलं नाही. वेब सिस्टिमनं इथली वेळ घेतली आणि तिला यूटीसीचा शिक्का मारून पाठवली. बरोबर फाइलीत एकतर ०७०५०० आणि झेड असायला पाहिजे, नाहीतर १२३५०० आणि सोबत टीझेडआयडी (टाइम झोनचं नाव) म्हणून एशिया/कोलकाता असं लिहिलेलं पाहिजे. काही जुन्या सिस्टिम एशिया/कॅलकटा लिहितात, ते एकच आहे, त्याची काळजी नको.

उलटं झालं, म्हणजे १२:३५ च्या जागी सकाळी ७:०५ दिसलं, तर सिस्टिमनं यूटीसीमध्ये वेळ बरोबर काढली पण झेड लावायला विसरली, किंवा तुमच्या कॅलेंडरचाच टाइम झोन यूटीसी ठेवलाय. गूगल कॅलेंडरला सेटिंगमध्ये स्वतःचा वेगळा टाइम झोन असतो, आणि तिथल्या प्रत्येक कॅलेंडरलाही, तो कॉम्प्युटरच्या झोनशी जुळतोच असं नाही, दोन्हीकडं बघा.

यावर इलाज करताना आधी वेब सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन संस्थेच्या प्रोफाइलमध्ये टाइम झोन काय आहे ते बघा. बऱ्याच सिस्टिममध्ये तो रजिस्टर करताना आपोआप यूटीसी नाहीतर अमेरिकेचा पडतो आणि कुणी बघत नाही. तो कोलकाता केला, परत एक्सपोर्ट केलं आणि ओळ बरोबर आली की संपलं. सेटिंगच नसेल तर सिस्टिमवाल्याला कळवावं लागेल, ते शेवटी सांगतो. तोवर काम अडलं असेल तर डीटीस्टार्ट आणि डीटीएंड ह्या ओळींच्या शेवटचा झेड काढून फाइल सेव्ह करा. झेड नसलेली वेळ ज्या मशीनवर उघडाल तिथल्या घड्याळाची समजली जाते, आणि सगळी कामं बेळगावातच असतील तर एवढं पुरतं. पण नोटपॅडच्या रिप्लेसमध्ये "सगळे झेड उडव" असं मात्र करू नका. त्याच तुकड्यात डीटीस्टॅम्प म्हणून अजून एक ओळ असते, तिला झेड असावाच लागतो, आणि इंग्रजीत लिहिलेल्या नावातले झेड पण जातील ते वेगळंच. नोंदी जास्त असतील तर नोटपॅड प्लस प्लस घ्या, त्यात रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) लावून फक्त ह्या दोन ओळींच्या शेवटचा झेड काढता येतो.

आता तिसरा प्रकार, आणि हा आपल्याकडं फार दिसतो. फरक साडेपाच तासांचा नसून साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा असतो. मे महिन्यातला १२:३५ चा मुहूर्त रात्री १२:०५ ला दिसतो आणि डिसेंबरमधला तर आदल्या दिवशी रात्री ११:०५ ला. फाइल उघडून बघितली तर फाइल एकदम बरोबर! मग मशीन बघायचं. विंडोज नवीन टाकताना इंग्लिश युनायटेड स्टेट्स निवडलं की टाइम झोन अमेरिकेचा पॅसिफिक पडतो, आणि टाकून देणारा पोरगा झोन न बदलता घड्याळाचे काटे फिरवावेत तशी फक्त वेळ बदलून देतो. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात म्हणून मे आणि डिसेंबरमध्ये फरक वेगळा येतो, आणि त्यामुळंच "कधी साडेबारा, कधी साडेतेरा" असं होऊन माणूस गोंधळतो.

शहापुरातल्या एका कार्यालयाच्या मॅनेजर काकांशी माझं ह्याच्यावरच बोलणं झालं. ते म्हणाले, "मशीनचं घड्याळ तर बरोबर हाय की रे, भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवून बघ." मिळवलं तर मिनिटाचाही फरक नव्हता. मग म्हटलं, काका, आत्ता मोबाइलवरून मेल पाठवतो, किती वाजता आला म्हणून दाखवतंय बघा. मेल आला त्यावर वेळ मध्यरात्रीची. घड्याळ बरोबर, झोन चुकीचा, ह्याची ही सगळ्यात सोपी खूण आहे. बुकिंग सिस्टिमवर राग काढायच्या आधी ही खूण बघाच, कारण असल्या मशीनवर बरोबर फाइलसुद्धा चुकीचीच दिसणार.

दुरुस्ती: घड्याळावर राइट क्लिक, ॲडजस्ट डेट अँड टाइम, टाइम झोनमध्ये यूटीसी+०५:३० चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली. झोन बदलला की घड्याळ एकदम उडी मारेल, घाबरू नका, सेट टाइम ऑटोमॅटिकली चालू करून सिंक नाऊ दाबा. पण एक गोष्ट झोन बदलायच्या आधी करायची आहे आणि ती राहिली तर नुकसान होतं: त्या मशीनवर हातानं टाकलेल्या जुन्या नोंदी असतील तर झोन बदलल्यावर त्याही तेवढ्याच तासांनी सरकतात, कारण आउटलुक आत यूटीसीमध्ये ठेवतं. ऑल डे टाकलेल्या नोंदी तर दोन दिवसांवर पसरतात. म्हणून आधी पुढच्या सगळ्या महिन्यांची पानं छापून घ्या, मग झोन बदला, मग हातानं टाकलेल्या नोंदी पानावरून ताडून बघा. ही दुरुस्ती एकदाच करायची आहे.

दोन दिवसांचं बुकिंग एक दिवसाचं होतं

मला विचाराल तर सगळ्यात धोक्याची चूक ही. वेळ चुकली तर निदान डोळ्याला खटकते, रात्री १२ ला कुणी लग्न ठेवत नाही हे कुणालाही कळतं. पण मोकळी दिसणारी तारीख कुणाला खटकत नाही, ती सरळ दुसऱ्याला दिली जाते.

पूर्ण दिवसाच्या नोंदीला फाइलीत वेळ नसते, नुसती तारीख असते, आणि डीटीएंडमध्ये शेवटचा दिवस लिहायचा नसतो तर त्याच्या पुढचा दिवस लिहायचा असतो. नियमच तसा आहे. १२ आणि १३ मे असं बुकिंग असेल तर डीटीस्टार्ट २०२६०५१२ आणि डीटीएंड २०२६०५१४ पाहिजे. बुकिंग सिस्टिम बनवणाऱ्याला हे माहीत नसेल तर तो डीटीएंडमध्ये १३ लिहितो, कारण स्क्रीनवर "१२ ते १३" असंच असतं, आणि मग आउटलुक, गूगल, थंडरबर्ड सगळे १२ तारीख तेवढी भरलेली दाखवतात. तपासायला एकच दोन दिवसांचं बुकिंग शोधा आणि डीटीएंडची ओळ वाचा. तिथं शेवटचा दिवसच दिसला तर त्या सिस्टिममधून आलेली दोन-तीन दिवसांची सगळी बुकिंगं एक दिवसानं कमी आहेत असं समजा, त्यात आधीच्या महिन्यांची पण आली.

आपल्याकडं हळद-देवक आदल्या दिवशी, लग्न दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी सत्यनारायण, अशी हॉल धरायची रीत असल्यामुळं एक दिवसाची बुकिंगं कमीच. सिस्टिमवाला दुरुस्त करेपर्यंत फाइलीत डीटीएंड हातानं एक दिवस पुढं करा, किंवा वेबवर बुकिंग टाकतानाच दोन दिवसांच्या दोन वेगळ्या नोंदी करा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा, कारण त्यात महिनाअखेरीस कुणाला लक्षात ठेवायला लागत नाही.

तेच कार्यक्रम दोनदा-तीनदा, आणि रद्द झालेले जातच नाहीत

इथं बघायची ती यूआयडीची ओळ. प्रत्येक कार्यक्रमाला एक यूआयडी असते आणि तो कार्यक्रम कितीही वेळा एक्सपोर्ट केला तरी ती तीच राहिली पाहिजे, मतदार ओळखपत्राच्या नंबरासारखी. लगोलग दोनदा एक्सपोर्ट करा, दोन्ही फाइली शेजारी-शेजारी उघडा, एकाच कार्यक्रमाची यूआयडी जुळवून बघा. वेगळी आली तर सिस्टिम दर वेळी नवीन नंबर पाडतेय, आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरला तो कार्यक्रम नवीनच वाटणार, डबल होणारच.

यूआयडी सारखी असली तरी जुन्या आउटलुकात फाइल इम्पोर्ट करताना त्याच्यावर विसंबू नका, तिथं डबल नोंदी होतात. गूगलमध्ये उलटी अडचण येते, एकदा इम्पोर्ट केलं, चुकीचं वाटलं म्हणून सगळं डिलीट केलं आणि परत तीच फाइल टाकली तर ० कार्यक्रम आले असं सांगतं, कारण डिलीट केलेले त्याच यूआयडीचे कार्यक्रम अजून ट्रॅशमध्ये असतात. ट्रॅश रिकामी करून बघा, तरी येईना तर नवीन कोरं कॅलेंडर तयार करून त्यात टाका, येतं.

रद्द झालेल्याचं कारण साधं आहे. इम्पोर्ट म्हणजे फाइलीत जे आहे ते आत टाकणं. रद्द झालेला साखरपुडा नव्या फाइलीत नसतोच, मग तुमच्या कॅलेंडरातला जुना काढायचा हे आउटलुकला कोण सांगणार? म्हणून रोजच्या कॅलेंडरात इम्पोर्ट करायचंच नाही. वेब बुकिंगसाठी वेगळं कॅलेंडर ठेवा, हातानं टाकायच्या नोंदी, म्हणजे बिलाच्या तारखा, जनरेटरची सर्व्हिसिंग, हे दुसऱ्या कॅलेंडरात. महिन्याला नवीन फाइल आली की वेब बुकिंगचं जुनं कॅलेंडर पूर्ण काढून टाकायचं आणि नवीन फाइल नवीन कॅलेंडर म्हणून घ्यायची. जुन्या आउटलुकात फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, इम्पोर्ट/एक्सपोर्ट इथून आयसीएस निवडलं की ते विचारतं, ओपन ॲज न्यू का इम्पोर्ट. इथं ओपन ॲज न्यू दाबा. इम्पोर्ट दाबलं की सगळं तुमच्या मुख्य कॅलेंडरात मिसळतं आणि परत वेगळं करणं म्हणजे तांदळातले खडे वेचायचं काम. नवीन आउटलुकात ॲड कॅलेंडरमध्ये अपलोड फ्रॉम फाइल आहे, तिथं कुठल्या कॅलेंडरात टाकायचं ते निवडायला मिळतं, आधी कोरं बनवून ते निवडा.

सिस्टिम जर कॅलेंडरची लिंक देत असेल तर मात्र फाइलीच्या भानगडीत पडूच नका. लिंकनं सबस्क्राइब केलं की रद्द झालेलं आपोआप जातं, बदललेलं बदलतं, डबल होत नाही. वेबवरचं कॅलेंडर गूगलचं असेल तर त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खाली सीक्रेट ॲड्रेस इन आयकॅल फॉरमॅट म्हणून एक लिंक असते. ती कॉपी करून जुन्या आउटलुकात अकाउंट सेटिंग्जच्या इंटरनेट कॅलेंडर्समध्ये न्यू करून टाका, थंडरबर्डमध्ये न्यू कॅलेंडर, ऑन द नेटवर्क. थंडरबर्डला २०२० च्या ७८ व्हर्जनपासून कॅलेंडर आतच येतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. किती मिनिटांनी ताजं करायचं हेही तिथं ठरवता येतं. लिंकनं आलेलं कॅलेंडर फक्त वाचायचं असतं, त्यात बदल करता येत नाही, आणि काउंटरसाठी ते चांगलंच आहे. दोन्हीकडून बदल पाहिजे असतील तर कॅलडॅव (कॅलेंडर दोन्ही बाजूंनी जुळवून ठेवायची पद्धत) लागतं, थंडरबर्ड ते गूगलशी लॉगिन करून जोडतं.

ती सीक्रेट लिंक ज्याच्याकडं गेली तो तुमचं सगळं कॅलेंडर वाचू शकतो, पार्टीचं नाव, फोन नंबर, सगळं. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती टाकू नका. टाकली गेली असेल तर त्याच सेटिंगमध्ये रीसेट आहे, जुनी लिंक बंद होते.

हेच उलट्या दिशेनं, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमची लिंक गूगल कॅलेंडरला दिली तर गूगल ती त्याच्या सवडीनं बघतं, काही तास जातात, कधी दिवस पण. आत्ता ताजं कर म्हणून सांगायला बटण नाही. सकाळी झालेलं बुकिंग दुपारी दुसऱ्याला जाऊ नये असं असेल तर मधे गूगल ठेवू नका, लिंक थेट डेस्कटॉपला द्या.

मराठी नावं फाटतात

दोन वेगळी दुखणी आहेत. सगळं नावच अगम्य झालं, म्हणजे "पाटील" च्या जागी à आणि ¤ असल्या चिन्हांची रांग आली, तर फाइल यूटीएफ-८ (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) म्हणून वाचली गेलेली नाही. हे जास्त करून सीएसव्हीमध्ये (काही सिस्टिम आयसीएसऐवजी देतात ती तक्त्याची साधी फाइल) होतं, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की अक्षरं मेलीच. एक्सेलमध्ये डेटा टॅबवरून फ्रॉम टेक्स्टनं उघडा, यूटीएफ-८ निवडा, आणि सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ असा प्रकार निवडा.

दुसरं दुखणं बारीक आहे आणि त्याचं कारण फार कमी लोकांना माहीत असतं. नाव बाकी सगळं बरोबर, पण मधेच एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाच्या एक-दोन चौकटी, आणि लांब नावांमध्येच, साधारण त्याच अंतरावर. आयसीएसमध्ये एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब ठेवायची नाही, ती तोडून पुढच्या ओळीत एक स्पेस देऊन चालू ठेवायची असं आहे. इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरीतलं ३ बाइटचं, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळे ३ बाइट. ओळीच्या सुरुवातीचं "समरी" आणि कोलन ८ बाइट खातात, उरले ६७, म्हणजे २२ चिन्हं बसतात आणि १ बाइट उरतो. सिस्टिम आंधळेपणानं ७५ व्या बाइटला कापते आणि तेविसाव्या चिन्हाचा एक तुकडा ह्या ओळीत, दोन तुकडे पुढच्या ओळीत. कन्नड लिपीचं पण अगदी हेच, तीही ३ बाइटची, त्यामुळं आपल्याकडं मराठी आणि कन्नड दोन्ही पार्ट्यांची नावं सारखीच फाटतात आणि इंग्रजीतली मात्र धडधाकट येतात, म्हणून लोक कंटाळून इंग्रजीत लिहायला लागतात. आपल्याच कार्यालयात आपल्या पार्टीचं नाव आपल्या लिपीत लिहिता येऊ नये हे मला पटत नाही. शीर्षकात "पाटील लग्न, वडगाव" एवढंच ठेवा, बाकी तपशील डिस्क्रिप्शनमध्ये. डिस्क्रिप्शन पण तुटतं, पण तिथं एखादं अक्षर गेलं तरी कार्यक्रम ओळखता येतो. खरी दुरुस्ती सिस्टिमवाल्यानं करायची आहे, अक्षराच्या मधे कापायचं नाही, आधी कापायचं.

सीएसव्हीच असेल तर

शक्यतो घेऊ नका. परत-परत येणारे कार्यक्रम, दर मंगळवारचा क्लास वगैरे, सीएसव्हीत एका नियमानं येत नाहीत, प्रत्येक तारखेची वेगळी ओळ करावी लागते. घ्यावीच लागली तर पहिल्या ओळीतली सब्जेक्ट, स्टार्ट डेट, स्टार्ट टाइम ही नावं इंग्रजीतच ठेवा, आणि तारखांकडं बघा. गूगलच्या नमुन्यात महिना आधी असतो. आपण ०५/०६/२०२६ म्हणजे ५ जून लिहितो, तिकडं ६ मे होतं. एक्सेलमध्ये ह्याची खूण डोळ्याला दिसते, १ ते १२ तारखेच्या नोंदी चौकटीत उजवीकडं सरकलेल्या आणि १३ पासूनच्या डावीकडं चिकटलेल्या असल्या तर मशीन अमेरिकन पद्धतीनं वाचतंय, १३ वा महिना नसल्यामुळं ते पुढच्यांना तारीख मानतच नाही. विंडोजच्या रिजनमध्ये इंग्लिश इंडिया करा आणि फाइल नव्यानं उघडा.

सणांसाठी "दर वर्षी रिपीट" वापरलेल्या फाइली पण बघितल्यात. २०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, रिपीट लावलं तर २०२६ ला पण २७ ऑगस्टच दाखवणार, आणि खरी आहे १४ सप्टेंबरला. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, लग्नाची बुकिंगं त्यात कोण धरत नाही, पण मागच्या वर्षीचा सीझन कॉपी करून भाव लावणाऱ्या सिस्टिमला ते कुठनं कळणार. तिथीचे दिवस पंचांग बघून दर वर्षी हातानंच टाकायचे. १ मे, १ नोव्हेंबर असल्या ठरलेल्या तारखांना रिपीट चालतं. ज्यांचं एक ऑफिस बेळगावात आणि एक चंदगड-गडहिंग्लजला आहे त्यांनी दोन्ही राज्यांच्या सुट्ट्यांची दोन कॅलेंडरं वेगळीच ठेवावीत, १ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी इकडं असते, तिकडं महाराष्ट्रात नसते.

सिस्टिमवाल्याला कळवताना

"इम्पोर्ट नीट हुईना" असं फोनवर सांगितलं की "आमच्याकडं बरोबर दिसतंय, तुमचं आउटलुक बघा" हेच उत्तर मिळतं. त्याला लेखी पाठवा आणि फाइलीतल्या ओळी जशाच्या तशा चिकटवा. चाचणीसाठी वेबवर तीन खोटी बुकिंगं करा: एक दुपारी १२:३५ चं, एक दोन दिवसांचं पूर्ण दिवसाचं, आणि एक भलं लांब मराठी नावाचं. ती एक्सपोर्ट करा, लगोलग परत एकदा एक्सपोर्ट करा. मग लिहा की दुपारी १२:३५ ला फाइलीत अमुक ओळ येते, झेड लावायचा असेल तर ०७०५०० पाहिजे. १२ ते १३ च्या बुकिंगला डीटीएंड १३ येतो, आरएफसी ५५४५ प्रमाणे १४ पाहिजे. एकाच बुकिंगची यूआयडी दोन एक्सपोर्टमध्ये वेगळी येते, ती कायम पाहिजे. लांब मराठी शीर्षक ७५ बाइटला अक्षराच्या मधे तुटतं. पार्टीची खरी नावं-नंबर असलेली फाइल मात्र पाठवू नका, ह्या तीन खोट्या बुकिंगांचीच पाठवा.

एवढं लेखी गेलं की फोन उचलणाऱ्याला उत्तर देता येत नाही, तो ते प्रोग्रॅमरकडं पाठवतो, आणि प्रोग्रॅमरला ह्या चारही दुरुस्त्या म्हणजे फार मोठं काम नाही. नवीन फाइल आली की तीच तीन बुकिंगं परत काढून नोटपॅडमध्ये बघा आणि मगच खऱ्या कॅलेंडराला लावा.